टपावर होडी, साक्षीला वन्सं

आधी एक गोष्ट सांगून टाकते. धाराशिव जिल्ह्यात पाणी आहे. नेहमी नसतं, सगळीकडं नसतं, पण पावसानं बरं मनावर घेतलं की दिवाळीनंतर बोरीचं धरण, सीना-कोळेगाव, तेरणा, सगळीकडं डोळे निवतील एवढं असतं. तरीही मी होडी घेतली हे कळल्यावर पुण्याच्या बहिणीनं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "आणि चालवणार कुठं, टाकीत?" तिला मी एकदा कोळेगावच्या पाण्यात मधोमध नेणार आहे आणि हाच प्रश्न परत विचारायला लावणार आहे.

होडी म्हणजे कायाक. एका माणसाची, दहा फूट लांब, नारिंगी प्लास्टिकची. दोन्ही टोकांना पातं असलेल्या एकाच वल्ह्यानं ती चालवायची. मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवला, आणि धाराशिवात खेळ शिकवला म्हणजे खो-खो शिकवला हे वेगळं सांगायला नको. निवृत्त झाले त्या वर्षी कोकणात एकाचा बोटींचा धंदा बंद होत होता, त्याच्याकडून ही जुनी कायाक घेऊन आले. माझ्या वयाच्या बायका निवृत्तीनंतर पाटल्या करतात, चारधाम करतात. मी होडी घेतली आणि मला त्याचं एकदाही वाईट वाटलेलं नाही.

अडचण पाण्यात नव्हती, पाण्याबाहेर होती. होडी गाडीच्या टपावर चढवायची कुणी? पहिली दोन वर्षं एक टोक मी आणि दुसरं टोक माझे यजमान सुधाकरराव, असं निभलं. या उन्हाळ्यात त्यांच्या कंबरेची नस दबली आणि डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी घातली.

"शोभा, आता विकून टाकू. सोलापूरचं एक गिऱ्हाईक विचारतंय," ते म्हणाले.

"मी एकटी चढवीन."

"एकटी?" ते म्हणाले आणि हसले. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. पण ते हसले.

मग घरात पैज लागली. मी तीन दिवसांची सहल करायची. त्यात एकदा तरी, कुणाचाही हात न लागता, होडी टपावर चढवून दाखवायची. जमलं तर होडी घरी राहील, नाही तर सोलापूरला जाईल. साक्षीदार म्हणून सोबत येणार सुधाकररावांच्या थोरल्या बहीण, माझ्या यमुनावन्सं. त्यांना सोनारीच्या काळभैरवाचं दर्शन घ्यायचंच होतं. वन्सं खोटं बोलत नाहीत. माझ्या पहिल्या पुरणपोळीबद्दल भर पंगतीत त्या जे खरं बोलल्या, ते मी अजून विसरलेले नाही. त्यामुळं पंच पक्का होता, आणि माझ्या बाजूचा तर मुळीच नव्हता.

बेंबळी

धाराशिवातून निघताना शेजाऱ्यांनी होडी चढवून दिली, ती काही मोजायची नव्हती. टपाच्या कॅरिअरवर दोन रुंद पट्ट्यांनी मी ती बांधली आणि वन्संना घ्यायला बेंबळीला गेले. गाडी दारात उभी राहायच्या आत भोवती माणसं जमली. हा आमच्या भागाचा स्वभाव आहे. टपावर काही दिसलं की ते नीट बांधलेलं नाही, हे सांगायला कुणी ना कुणी येतंच.

"मामी, ह्या फितींनी काय हुतंय?" वन्संचा थोरला रामेश्वर म्हणाला. "नळदुर्ग काय इथं हाय व्हय? वाऱ्यानं उडून जाईल की."

"रामेश्वर, त्या पट्ट्या याच कामाच्या आहेत. प्लास्टिक आहे ते, जास्त आवळायचं नसतं."

"जास्त आवळायचं नसतंय, असं कदी असतंय का?" तो म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

मी आत चहा प्यायला गेले आणि बाहेर त्यांनी आपलं काम उरकलं. कडबा असो, उसाच्या मोळ्या असोत नाही तर लग्नाची कपाटं, आमच्याकडं टपावर जे चढेल त्याला जाड दोर टाकायचा, दोरात काठी घालायची आणि काठी पिळत जायची. दोर कुरकुरायला लागला की समजायचं, बांधलं. मी बाहेर आले तेव्हा रामेश्वर काठीवर लोंबकळत होता आणि गाडीचा टपसुद्धा कुरकुरत होता. मी ओरडले. "आता भूकंप झाला तरी हालायची न्हाय, मामी," तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. एवढ्या मायेनं केलेलं काम सगळ्यांसमोर सोडायचा मला धीर झाला नाही. तो धीर करायला हवा होता.

वन्संनी पुढच्या सीटवर मांडी घालायचा प्रयत्न केला, पट्टा लावावा लागतो हे कळल्यावर कपाळाला आठी घातली, आणि पिशवीतली दशम्यांची चवड मांडीवर घेतली. "चल. पर एक सांगते शोभा, म्या कुणाच्या बाजूनं बोलणार न्हाय."

नळदुर्ग

रस्त्यात जिथं थांबलो तिथं एकच प्रश्न. "गव्हाण कितीला घेतली?" जनावरांना वैरण टाकायची गव्हाण. एकाला मी सांगितलं की ही होडी आहे, तर तो म्हणाला, "व्हय का? मग आत वैरण न्हाय बसायची." हसू आवरून मी गाडी पुढं काढली. घरी त्याच्याकडं खरंच दोन म्हशी असणार, त्याचं काय चुकलं?

हैदराबादच्या रस्त्यावर ट्रकांची रांग असते, तिच्यातून सुटून बोरी धरणाच्या काठाला आलो तेव्हा ऊन चढलं होतं. काठावर एक चहाचं हॉटेल आहे. मालकीणबाई सीमेकडच्या, कपाळाला विभूती, आम्ही उतरताच त्यांनी आधी "ऊटा आत?" असं विचारलं आणि मग आम्हाला कळावं म्हणून, "जेवण झालं का अक्का?" आमच्या बेंबळीतही दारात आलेल्याला हेच विचारतात, फक्त उत्तर यायच्या आत ताट वाढतात. इथं ताटाला जरा वेळ लागला, पण ज्वारीची कडक भाकरी, लसणाची झणझणीत आमटी आणि दाण्याची चटणी अशी होती की वन्संनी स्वतःच्या दशम्या परत पिशवीत ठेवल्या.

जेवण झाल्यावर मी होडीवरचा दोर सोडला. कडक उन्हात तापलेल्या प्लास्टिकवर रामेश्वरचा दोर असा रुतला होता, की होडीच्या पोटाला दोन ठिकाणी पोचे पडले होते, एकेक पोचा परातीएवढा. मदत करणाऱ्याचा मला इतका राग कधीच आला नव्हता, आणि हा राग काढायचा कुणावर? त्यानं तर माझी होडी उडू नये म्हणूनच जीव काढला होता.

होडी विकणाऱ्यानं एक उपाय सांगितला होता, तो आठवला. होडी उन्हात पालथी घातली, मालकीणबाईंकडून उकळतं पाणी मागितलं आणि पोच्यांवर ओतत बसले. मालकीणबाई किटलीमागून किटली आणत होत्या आणि वन्सं सावलीतून बघत होत्या. "गव्हाणीला आंघोळ," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळानं टप्पकन आवाज झाला आणि एक पोचा बाहेर आला. दुसरा निम्माच आला. तो अजून आहे, त्यामुळं होडी जराशी डावीकडं ओढते. ओढू दे.

मग पाण्यात गेले. काय सांगू? काठावर असताना मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी मामी, शाळेतल्या पोरांची बाई असते. वल्हं पाण्यात घातलं की तीन-चार हातांवर सगळे आवाज मागं राहतात. पाणकावळे बुडी मारत होते, लांब किल्ल्याचा बुरूज दिसत होता, आणि माझे हात आपोआप चालत होते. काठावर वन्सं छत्री घेऊन उभ्या होत्या, अगदी लहान दिसत होत्या.

परत आले तर त्यांनी विचारलं, "पडली असतीस तर?"

"जाकीट आहे की. आणि पोहायला येतं मला."

"मला न्हाय येत," त्या म्हणाल्या आणि छत्री मिटली.

आता चढवायची वेळ. मी गाडीच्या बाजूला उभी राहिले, होडी मांड्यांवर घेतली, मांड्यांवरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर. तिथपर्यंत झकास जमलं. डोक्यावरून टपावर टाकायला गेले आणि वाऱ्याचा एक झोत आला. दहा फूट होडी वाऱ्यात धरून ठेवणं म्हणजे पिसाळलेला बैल शेपटीनं धरण्यातला प्रकार. होडी फिरली, मी फिरले, गाडीचा आरसा खळ्ळकन गेला. हॉटेलात चहा पिणारे ट्रकवाले धावत सुटले. "छोडो अम्मा, छोडो!" चौघांनी माझ्या हातातून होडी काढून घेतली आणि बघता बघता टपावर ठेवली. त्यांनी चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. मी आभार मानले आणि मनातून त्यांना शिव्या घातल्या.

वन्संकडं बघितलं. "मोजलं न्हाय," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सुधाकररावांचा फोन आला. आरशाचं ऐकून ते हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक रविवारी येतो म्हणतंय. हट्ट सोड, शोभा. हात मोडून घेशील."

"मोडला तर दुसरा आहे," म्हणून मी फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र खांदा दाबत बसले. खरंच ठणकत होता, आणि मला भीती वाटायला लागली होती. आरशाची नाही. ते म्हणतात तेच खरं असेल, याची.

सोनारी

दुसरा दिवस वन्संचा. तुळजापूरवरून परंड्याकडं जाताना दोन्ही बाजूंना ज्वारी निसवून कणसांवर आली होती, मध्येच हरभरा, मध्येच ऊस. रस्त्यात एका गावच्या बाजारात बाजार आमटी खाल्ली. सगळ्या डाळी एकत्र, वर तर्रीचा लाल थर, भाकरी कुस्करायची आणि वाटीनं वरपायची. धाराशिवात आम्ही आमटी भाताबरोबर खातो असं मी म्हटलं, तर शेजारचा माणूस माझ्याकडं इतक्या कळवळ्यानं बघायला लागला की मी आणखी एक भाकरी घेतली.

सोनारीला काळभैरवाचं देऊळ आहे आणि माकडं आहेत. देवाची म्हणून त्यांना कुणी काही म्हणत नाही, हे त्यांनाही पक्कं माहीत आहे. आम्ही दर्शन घेऊन येईपर्यंत टपावरच्या होडीचा ताबा त्यांनी घेतला होता. एक थोरला हुप्प्या बसायच्या जागेवर पाय पसरून बसला होता, पिल्लं टोकांवर घसरगुंडी खेळत होती, आणि एकानं पट्टीची कडी चावायला घेतली होती. फुटाणे विकणारी बाई म्हणाली, "त्यास्नी आवडली बगा गाडी. फुटाणं टाका तिकडं, उतरतील." फुटाणे टाकले, उतरली, फुटाणे संपले, परत चढली. तिसऱ्या खेपेला मी गाडी सुरू केली, तेव्हा कुठं थोरले महाराज नाइलाजानं उतरले.

"मुक्या जिवाला चढता येतंय," वन्सं म्हणाल्या, "आन् तुला चढवता येईना."

गाडी गावाबाहेर काढल्यावर मी विचारलं, "देवाला काय मागितलंत?"

"ते सांगायचं नसतंय."

"मी हरावं म्हणून मागितलंत?"

वन्संनी माझ्याकडं सरळ बघितलं. "येडी हायेस का? देवाफुडं कुणाचं वाईट मागतंय का कुणी? आन् खोटंबी बोलायची न्हाय म्या. जमलं तर जमलं म्हणीन, न्हाय तर न्हाय."

सीना-कोळेगाव

तिसऱ्या दिवशी सकाळी कोळेगावच्या काठावर पोचलो. पाणी नजर पोचेल तिथपर्यंत. मासेमारांच्या दोन होड्या परतत होत्या. त्यांना विचारून, बेताबेतानं काठ धरून मी एक मोठी फेरी मारली. पण खरं सांगते, मजा आली नाही. परत आल्यावर काय, हाच विचार वल्ह्याला लटकलेला होता.

काठावर आले, होडी ओढून गाडीजवळ नेली आणि बाजूनं उचलायला गेले. खांद्यानं साफ नकार दिला. होडी मांडीच्या वर जाईना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खाली. मासेमार जाळी टाकून धावत आले.

"ओ मावशी, थांबा थांबा, आमी चढवितो!"

आणि तेव्हा, दोन दिवस सावलीत बसून राहिलेल्या माझ्या वन्सं मिटलेली छत्री आडवी धरून त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. "कुणी हात लावायचा न्हाय."

"अवो आजी, जड हाय ते. बाईमाणसाला—"

"हात लावलास तर काळभैरवाची आण हाय. लांब हुबा ऱ्हा आन् बग."

ते लांब उभे राहिले आणि बघायला लागले. मी वाळूत बसकण मारली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून पाण्याकडं तोंड केलं. उतरलेल्या पाण्याच्या कडेला हिरवं गवत माजलं होतं आणि दोन-तीन बाया ते कापत होत्या. एका बाईचा भारा बांधून तयार होता. तो आडवा नव्हता पडलेला, उभा होता.

तो उभा भारा बघितला आणि मी स्वतःलाच शिवी घातली. माहेरी दहावीपर्यंत मी रोज वैरणीचा भारा आणत होते. बाप्यांना भारा घ्यायचा तर ते रस्त्यात हाका मारतात, "ए, जरा हात लाव रं." बाई रानात एकटी असते, तिला हात लावायला कोण येणार? मग भारा आधी एका टोकावर उभा करायचा. उभा केला की निम्मं वजन जमीन घेते. मग खाली बसून डोकं लावायचं आणि त्याच्यासकट उठायचं. आख्खा भारा एकदम कधीच उचलायचा नसतो. आणि मी दोन दिवस काय करत होते? दोघांनी मिळून चढवायची जी रीत नवऱ्याबरोबर शिकले, तीच एकटीनं करत होते, आणि जमत नाही म्हणून रडत होते.

उठले. होडी ओढत गाडीच्या मागं आणली, गाडीच्या रेषेत सरळ ठेवली. वन्संनी अंगावर घ्यायला आणलेली वाकळ काढली आणि टपाच्या मागच्या कडेवर टाकली, वन्संना न विचारता. होडीचं पुढचं टोक उचललं. नुसतं टोक उचलायला काय लागतं? ते वाकळीवर टेकवलं आणि सोडून दिलं. होडी तिरपी उभी राहिली, एक टोक गाडीवर, एक जमिनीवर, आणि माझे दोन्ही हात मोकळे. मी मागं गेले, खालचं टोक उचललं, कंबरेपर्यंत आणलं, छातीपर्यंत आणलं आणि बसलेल्या गड्याला खो द्यावा तसा धक्का दिला. होडी वाकळीवरून सरसर वर गेली आणि कॅरिअरवर जाऊन बसली.

माझ्या तोंडातून असा आवाज निघाला की काठावरचे बगळे उडाले. पट्ट्या टाकल्या, बेतानं आवळल्या, आणि वन्संकडं वळले.

"मोजा!"

वन्सं होडीकडं बघत होत्या. "आमच्या वावरात म्या बांधावर हुबी ऱ्हायची," त्या म्हणाल्या. "भाऱ्याजवळ. कुणी हात लावाया येईस्तोवर. दिवस कलला तरी येत नसायचं कुणी. मला हे कदी कुणी सांगितलं न्हाय." मग म्हणाल्या, "उतरीव."

"काय?"

"नाव उतरीव. मला बसायचंय. मग परत चढीव, तवा मोजीन."

"वन्सं, तुम्हाला पोहता येत नाही."

"म्हणून तर म्हणायले. पंचानं बसू नये असा कायदा हाय का?"

नऊवारीवर नारिंगी जाकीट चढवलं. रामेश्वरचा तोच जाड दोर, ज्यानं पोचे पाडले होते, होडीच्या मागच्या कडीला बांधला आणि दुसरं टोक मी गुडघाभर पाण्यात उभी राहून हातात धरलं. एक म्हातारा मासेमार कळकळीनं म्हणाला, "आजी, आता ह्या वयात कशाला?"

"तुला इचारलंय का कुणी?" वन्सं म्हणाल्या आणि होडीत बसल्या. मांडी घालून.

मी दोर सोडत गेले. वन्संनी वल्हं एकदा इकडं मारलं, एकदा तिकडं मारलं. होडी आपल्या पोच्यामुळं डावीकडं वळत गेली आणि वन्सं पाण्यात गोल गोल फिरायला लागल्या. पहिल्या फेरीला त्यांनी होडीचा काठ घट्ट धरला होता. दुसऱ्या फेरीला पदर खाली आला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या फेरीला त्या हसत होत्या, तोंड उघडून. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघत होते.

दुसऱ्यांदा होडी चढवताना दम लागला, पाय वाळूत घसरला, पण ओली होडी वाकळीवरून आणखी लवकर सरकली. मासेमारांपैकी एकानं टाळी वाजवली.

"मोजलं," वन्सं म्हणाल्या.

संध्याकाळी धाराशिवला आमच्या दारात गाडी थांबली. सुधाकरराव कंबरेचा पट्टा लावून फाटकाशीच उभे होते. आधी फुटका आरसा बघितला, मग होडी, मग वन्संची ओली नऊवारी. सवयीनं ते होडीच्या मागच्या टोकाकडं गेले आणि आधार द्यायला दोन्ही हात वर केले.

"सुधाकर," वन्संनी गाडीतूनच हाक मारली, "हात काढ."

त्यांनी हात काढले.